बादलीच्या तळाशी टेकलेला ओळंबा

मी शिशाचा एक जुना ओळंबा आहे. माझ्या काचेच्या पेटीवर एक पाटी आहे. मित्रांनो, ती वाचू नका, ही माझी पहिली विनंती. तिच्यावर माझी स्तुती लिहिली आहे, आणि ती वाचून लोक माझ्याकडे ज्या कौतुकाने बघतात ते मला सोसत नाही.

आमच्या नदीकाठच्या गावात कॅथेड्रलचं काम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. म्हणजे तसं ते कायमच चालू असायचं. ज्यांनी पाया खणला त्यांच्या पणतवंडांनी कमानी चढवल्या. गाभाऱ्याच्या छपरासाठी शिसं वितळवलं, त्यातले माझे भाऊबंद पत्रे होऊन वर गेले आणि पाऊस झेलू लागले. उरलेल्या गोळ्यातून मी झालो, नासपतीएवढा. माझं काम एकच: दोरीला लोंबकळायचं. खांब सरळ चढतो आहे की नाही, हे माझ्या दोरीकडे बघून ठरायचं. पुढे त्या खांबांवर अख्खं दगडी छत बसायचं होतं, त्यामुळे माझ्या लोंबकळण्याला मान होता.

थोरले मिस्त्री ओर्टलिब मला पाहुण्यांपुढे धरून म्हणायचे, "हा शिशाचा आहे. ह्याला कुणी काका-मामा नाहीत." मला फार बरं वाटायचं. आज ते वाक्य आठवलं की पेटीतल्या मखमलीत तोंड खुपसावंसं वाटतं.

वेंडेल हा आमच्याकडचा सर्वांत जुना पाथरवट. बोलायला कमी आणि हाताने सावकाश. आपल्या प्रत्येक दगडावर तो बाणाने भेदलेल्या माशाची खूण कोरायचा. प्रत्येक पाथरवटाची अशी एक खूण असे. तेवढीच त्याची सही आणि तेवढीच अब्रू. वीस वर्षांत वेंडेलच्या एकाही दगडाची अंत्ययात्रा निघाली नव्हती.

अंत्ययात्रा म्हणजे खरोखरची अंत्ययात्रा. आमच्या कामावरची ती रीतच होती. कुणी दगड बिघडवला की बाकीचे तो तिरडीवर घालत, गळे काढत मिरवत नेत आणि उत्तरेच्या भिंतीपाशी पुरत. बिघडवणाऱ्याने टोपी काढून सुतक्यासारखं मागून चालायचं. परत आल्यावर त्याला मोजपट्टीचे फटके, आणि मग सगळ्यांना बिअर. चांगली रीत होती. दगड खरंच बिघडलेला असेल तर.

त्या वर्षी उत्तरेकडच्या चौथ्या खांबावर वेंडेलने शेवटचे तीन दगड बसवले. बिशपसाहेब खांबाला आशीर्वाद द्यायला येणार होते, म्हणून मिस्त्रींनी मला खांबाच्या माथ्यावरून खाली सोडलं. वाऱ्याने मी झुलतो, म्हणून नेहमीप्रमाणे मला पाण्याच्या बादलीत बुडवलं. पाण्यात मी लवकर स्थिरावतो. फक्त त्या दिवशी दोरी नवी होती आणि पाणी चुन्याने गढूळ झालेलं होतं. माझ्या वजनाने दोरी हळूहळू ताणली गेली आणि मी बादलीच्या तळाला टेकलो. बादली जराशी कलती होती. मी घसरत कडेला जाऊन टेकून बसलो.

मित्रांनो, आता जे सांगतो ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला तिथे बरं वाटलं. जन्मभर लोंबकळलेल्याला पहिल्यांदा बूड टेकायला मिळालं होतं. वर माझी दोरी तिरकी झाली होती आणि खाली मी आराम करत होतो.

मिस्त्रींनी डोळा लावून बघितलं. म्हणाले, खांब माथ्याला दोन बोटं कलला आहे. वेंडेल म्हणाला, तसं होणार नाही. मिस्त्रींनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ह्याला सांग. बादलीत मात्र कुणीच बघितलं नाही.

तिन्ही दगड उतरवले. वरचा दगड तिरडीवर चढला. वेंडेल उघड्या डोक्याने मागून चालला. पहिल्यांदा लोक हसले, गळे काढले. पण मोजपट्टी उचलायची वेळ आली तेव्हा कुणाचा हात उठेना. फटके मिळाले असते तर निदान गोष्ट मिटली असती. त्याऐवजी सगळे पायांकडे बघत बिअर प्यायले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी बादली ओतली. तळाशी चुन्याचा साका बसला होता आणि त्यात माझ्या बुडाची रेघ उमटली होती, मधून थेट कडेपर्यंत. मिस्त्री ती रेघ बराच वेळ बघत राहिले. मग हाताने पुसून टाकली.

तेवढ्यात हत्यारांची पिशवी खांद्याला लावून वेंडेल आला.

"मिस्त्री, मी निघालो. पण जायच्या आधी ओळंबा एकदा परत लावून बघता का? मी थांबतो."

मिस्त्रींच्या हाताला अजून ओला चुना होता.

"दगड उतरवले आता. लावून काय बघायचं?"

वेंडेलने मान हलवली आणि तो गेला. त्या तीन दगडांच्या जागी नवे दगड घडवून बसवायचं काम मिस्त्रींच्या जावयाला मिळालं. काका-मामा मला नव्हते. माझ्या तिरक्या दोरीवरून घेतलेल्या त्याच मापाने जावईबापूंनी माथा नीट 'सरळ' केला, आणि तेव्हापासून आमचा चौथा खांब कललेला आहे.

त्यालाही आता सातशे वर्षं झाली. प्रवाशांना सांगतात की, क्रूसावरच्या ख्रिस्ताची मान कलली होती, तिची ती आठवण. एका विद्वानाने त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात बादलीचा उल्लेख नाही.

गेल्या वर्षी उत्तरेच्या भिंतीपाशी नळासाठी चर खणताना एक दगड निघाला. कॅथेड्रलच्या डागडुजीसाठी आमच्याकडे अजून दगडकामाचा कारखाना आहे, त्यात हल्ली फ्रीडेरून नावाची पाथरवटीण आहे, सडेतोड बाई. तिने दगड धुतला, काटकोन तपासायचा गुण्या लावला, पुन्हा लावला आणि जोडीदाराला हाक मारली.

"डेटलेफ, हा दगड चांगला आहे रे."

"मग पुरला कशाला?"

"तेच विचारतेय. आणि ही माशाची खूण बघ. त्या खांबावर खाली सगळीकडे हाच मासा आहे, वरचे तीन दगड सोडून."

तिने संग्रहालयवाल्यांशी भांडून मला पेटीतून बाहेर काढलं. डेटलेफ म्हणाला, लेझर आहे की आपल्याकडे, हे म्हातारं कशाला? ती म्हणाली, ज्याने मोजलं त्यालाच परत सांगू दे. मला चौथ्या खांबावरून सोडलं. खाली प्लॅस्टिकची बादली ठेवली. मग, डोळा लावण्याआधी, तिने बाही वर सारली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि माझ्या बुडाखालून फिरवला, मी कुठे टेकलो तर नाही ना म्हणून.

एवढंच करायचं होतं. तेव्हाही एवढंच करायचं होतं.

मी सरळ लोंबकळलो. जावयाचे तीन दगड दोन बोटं बाहेर निघाले.

आता तो दगड माझ्या पेटीशेजारी ठेवला आहे. त्याच्या पाटीवर 'अज्ञात पाथरवट' असं लिहिलं आहे, आणि माझ्या पाटीवर अजून 'अचूक ओळंबा'. म्हणून मित्रांनो, पुन्हा सांगतो, पाट्या वाचू नका. कुणाच्या कामाला वाकडं म्हणण्याआधी एकदा बादलीत हात घालून बघा. आणि शेजारच्या दगडापाशी जरा थांबा. त्याच्यावरच्या माशाला हात लावला तरी चालतो, रखवालदार काही म्हणत नाही.

त्याचं नाव वेंडेल होतं.