दोन इंच

"कायचं अठरा, गुरुजी?" ताटात पाटोडीचा रस्सा वाढता वाढता रुख्माबाई हसल्या. "तेविसावं सरून राहिलं त्याले. नोकरी पक्की झाली का यंदा लगनच करून टाकतो म्हणते मी."

मनोहररावांचा घास हातातच राहिला. बोलणं जागेश्वरच्या लग्नाचं चाललं होतं, आणि अठरा वर्षांच्या पोराच्या लग्नाची एवढी घाई कशाला, असं त्यांनी आपलं बोलण्यावर बोलणं म्हणून म्हटलं होतं. जागेश्वर स्वतः पान आणायला नाक्यावर गेला होता. घरात रुख्माबाई, मनोहरराव आणि खड्ड्यावर अर्धं विणलेलं लुगडं घेऊन थांबलेला हातमाग, एवढेच होते.

"तेवीस? तुम्हाला नक्की आठवतं, बाई?"

"आठवते म्हणजे? माह्या पोटचं पोट्टं ना जी थे. राजाची जुबिली झाली नाई का, शाळेतल्या पोट्ट्याईले पेढे वाटले होते? तवा हा मावशीचं बोट धरून गेलता. एक पेढा खाल्ला, अन् आणखी पायजे म्हणून रडतच घरी आला."

पस्तीस सालची ती इंग्रज राजाची जुबिली मनोहररावांनाही आठवत होती. कस्तुरचंद पार्कावर त्यांनी भर उन्हात पोरांची कवायत करून घेतली होती. आता एकोणीसशे पंचावन्न उजाडलं होतं, म्हणजे त्या गोष्टीला वीस वर्षं होत आली. आणि जागेश्वरच्या शाळेच्या दाखल्याप्रमाणे जुबिलीच्या वेळी तो जन्मलेलाच नव्हता.

"मग शाळेत असं कसं लागलं वय?"

"शाळेत कुठी वेळेवर घातलं त्याले? बाप गेला, अन् मागाच्या सुताच्या कांड्या भराले हाच एक होता घरी. मंग उशिरा घातलं. मास्तर म्हणे, एवढ्या मोठ्या पोट्ट्याले पहिलीत कसा बसवू? मंग त्यानं लिवलं आपल्या मनानं. आमाले काय वाचता येते?" बोलता बोलता बाईंचं लक्ष पाहुण्याच्या थांबलेल्या हाताकडे गेलं. "काहून जी, काही चुकीचं बोलली का मी?"

"नाही, नाही. रस्सा फक्कड झाला आहे," मनोहरराव म्हणाले आणि जेवू लागले. पण रश्श्याची चव गेली ती गेलीच.

मनोहरराव एका कापडगिरणीत व्यायामशिक्षक होते. गिरणीला व्यायामाचं काय, असं कुणी विचारील. पण मॅनेजरसाहेबांना बास्केटबॉलचं वेड होतं, आणि साहेबांना वेड असलं की गिरणीला असावंच लागतं. खेळावर पोरं नोकरीला घ्यायची, सहा महिने तात्पुरती ठेवायची, आणि त्यातलं एखादं चमकलं तर पक्कं करायचं, असा रिवाज पडला होता. यंदा जागा एकच होती. बोर्डाखाली उभा राहील असा उंच गडी हवा होता, आणि तो आजचा नको, दोन वर्षांनी मोठ्या स्पर्धेत उतरवायचा होता.

मनोहररावांनी शब्द टाकला होता जागेश्वरसाठी. पोरगा पाच फूट अकरा होता. "अठराचा आहे, अजून दोन इंच सहज वाढेल. चुका करतो, पण त्या वयाच्या चुका आहेत," असं त्यांनी वेलफेअर ऑफिसर दत्तोपंतांना छातीठोकपणे सांगितलं होतं. मनोहररावांची नजर म्हणजे गिरणीत काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी हेरलेला गडी वाया गेला, असं आजवर झालं नव्हतं, आणि त्यांना या गोष्टीचा चांगलाच अभिमान होता. उगाच नाही कशाला म्हणायचं? दत्तोपंत तर भेटले की थट्टेनं विचारायचे, "काय मनोहरराव, आमचे दोन इंच कुठवर आले?"

त्याच संध्याकाळी शेवटची पारख होती. एका कॉलेजच्या संघाशी सामना, आणि सामना संपला की मैदानातच निकाल.

जागेश्वरच्या घरून, तांडापेठेतून निघाले तेव्हा सायकल जागेश्वर हाणत होता आणि मनोहरराव मागच्या कॅरिअरवर बसले होते. डोळ्यांसमोर सगळी त्याची पाठ. चांगली भरलेली, रुंद, खांद्यापाशी पक्की झालेली पाठ. ही अठरा वर्षांच्या पोराची पाठ नव्हे, हे कुणाही आंधळ्यानं हात फिरवून सांगितलं असतं. मग आपल्याला कसं दिसलं नाही? पाहायचंच नव्हतं, दुसरं काय. बारा-पंधरा वर्षांत असा गडी हाताला लागला नव्हता आणि मनोहरराव त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव लावून बसले होते.

"गुरुजी, मी रोज सकायी लिंबाच्या फांदीले लटकून राहिलो," जागेश्वर पॅडल मारता मारता सांगत होता. "अर्धा इंच तं वाढलोच असन आतापर्यंत."

"कुणी मोजलं?"

"मायनं. तिले तं मी रोजच वाढलेला दिसतो." तो स्वतःच हसला. "तुमी आज बोलून नाई राहिले, गुरुजी. तब्येत बरी नाई का?"

"जेवण जास्त झालं," मनोहरराव म्हणाले.

याला ठाऊकच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. पोरगा लबाड असता तर सोपं होतं. दाखल्यावरचं वय तेच खरं धरून त्याला मनापासून वाटत होतं की आपण अठराचे आहोत आणि आपली वाढ अजून व्हायची आहे.

गिरणीच्या मागचं मातीचं मैदान पाणी मारून, रोलर फिरवून तयार होतं. चुन्याच्या रेघा ताज्या होत्या. कडेला कॅनव्हासच्या बुटांची नाडी बांधत शरच्चंद्र बसला होता. त्या एका जागेचा दुसरा उमेदवार. त्याच्याबद्दल मनोहररावांच्या मनात कसलाच संशय नव्हता, कारण त्याचा बाप त्यांचा जुना दोस्त आणि पोराच्या बारशाला ते स्वतः जेवून आले होते. पोर खरोखरीचं अठराचं. गेल्या दिवाळीत शिवलेली पँट आत्ताच घोट्याच्या वर चढली होती. खेळात मात्र अजून कच्चं, लाजरं, बॉल हातात आला की दुसऱ्याला कधी देऊन टाकतो असं करणारं.

सामना सुरू झाला आणि जागेश्वर असा खेळला, असा खेळला की कॉलेजची पोरंही मधून मधून थांबून बघू लागली. बोर्डावरून परतणारा बॉल कुठे पडणार हे जणू त्याला आधीच कळत होतं. दोन गडी अंगावर घेऊन तो उठायचा आणि बॉल जाळीत सोडून खाली यायचा. गिरणीचे कामगार कुंपणाला दाटीनं उभे होते. "अरे वा रे पठ्ठे!" म्हणून दत्तोपंत खुर्चीवरून अर्धे उठत होते.

मनोहरराव एकटेच गप्प होते. ते चुका शोधत होते. कधी नव्हे ते त्यांना चुका हव्या होत्या, पोरपणाच्या, उद्या सुधारतील अशा. चुका होत्याच. जागेश्वर दरवेळी उजवीकडूनच जायचा. डावा हात नुसता बरोबर असायचा. पण काल ज्या कच्चेपणाच्या वाटत होत्या त्या चुका आज मुरलेल्या सवयी दिसत होत्या. पोरगा शिकत नव्हता. त्याला जे येत होतं ते पुरतं येत होतं. हे फळ पिकलं होतं, आणि आपण त्याला कैरी म्हणत होतो.

आणि शरच्चंद्र? चार वेळा बॉल हातातून सुटला. पाचव्या वेळी मात्र त्यानं डाव्या हातानं, कुणी शिकवलं नसताना, मागच्या गड्याला पास दिला. कुंपणाजवळ कुणाचं लक्षही गेलं नाही. मनोहररावांचं गेलं, आणि गेलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

सामना गिरणीनं जिंकला. कामगारांनी जागेश्वरला खांद्यावर घेतलं. दत्तोपंतांनी चहा मागवला आणि शाल सावरत मनोहररावांना बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

"क्या बात है, मनोहरराव. मान गये. आता फक्त तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे. मॅनेजरसाहेबांना तुमचा शब्द पुरतो. अजून वाढेल ना हा?"

नुसतं हो म्हणायचं होतं. मानही हलवली असती तरी पुरलं असतं. वय कुणाला ठाऊक होतं? एका मायबाईला आणि त्यांना. दोन वर्षांनी दोन इंच वाढले नाहीत तर देवाची मर्जी म्हणता आलं असतं. मनोहररावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "आज आहे तेवढाच तो."

दत्तोपंत हसले. त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी मनोहररावांचा चेहरा पाहिला. "अहो, तुम्हीच तर म्हणत होता?"

"चुकलो मी. नजर चुकली. त्याची उंची वाढायची ती वाढून झाली, खेळही घडायचा तो घडून झाला. पण दत्तोपंत, आज त्याच्यासारखा गडी आपल्याकडे दुसरा नाही. आहे तसा घ्या त्याला. पाच-सहा वर्षं तो तुम्हाला कमी पडणार नाही."

"आज कुणाला हवा आहे? दोन वर्षांनी सहा फुटांच्या वरचा गडी हवा आहे. जागा एक आहे." दत्तोपंतांचा आवाज बदलला. "मग कोण? तो शरच्चंद्र?"

"पुढचं विचाराल तर शरच्चंद्र."

"तुमच्या दोस्ताचा मुलगा ना तो?"

मनोहररावांच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. जागेश्वरचं खरं वय सांगितलं असतं तर हा डाग एका क्षणात धुऊन निघाला असता. पण दाखला खोटा ठरला की या गिरणीतच नव्हे, पोराला कुठल्याच कचेरीच्या दारात उभं राहता आलं नसतं. ते नुसतं "हो" म्हणाले.

"ठीक आहे," दत्तोपंत उठत म्हणाले. "पुढच्या वेळी आम्ही आणखी कुणाला तरी विचारत जाऊ." कपातला चहा तसाच राहिला.

जागेश्वर नळावर तोंड धूत होता. मनोहररावांना पाहून तो ओल्या तोंडानंच पुढे आला. "काय म्हणाले साहेब?"

"शरच्चंद्रला घेतलं."

जागेश्वरनं मागे वळून उघडा राहिलेला नळ बंद केला. मग हळूच म्हणाला, "मी खराब खेयलो का, गुरुजी?"

साहेबांवर ढकलता आलं असतं, नशिबावर ढकलता आलं असतं. पण हा प्रश्न असा होता की त्यापुढे मनोहररावांना खोटं बोलवेना. आपण खराब खेळलो असं या पोरानं जन्मभर समजावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "तू आज खेळलास तसं मी कुणाला खेळताना पाहिलं नाही," ते म्हणाले. "मीच साहेबांना नाही म्हटलं. तू अठराचा नाहीस, जागेश्वर. तेवीस पुरे होत आले तुझे." आणि जेवताना जे ऐकलं ते त्यांनी सगळं सांगितलं.

जागेश्वर ऐकत राहिला. पाणी हनुवटीवरून गळत होतं, ते त्यानं पुसलंही नाही.

"वर्गात मी सगळ्याईहून मोठा दिसो," तो अखेर म्हणाला. "मले वाटे, उंच आहो म्हणून." मग, "म्हणजे आता वाढत नाई मी."

"नाही."

"साहेबाले वय सांगतलं का तुमी?"

"नाही सांगितलं. सांगणारही नाही."

जागेश्वरनं मान हलवली. रागावेल, शिव्या देईल, निदान पाठ फिरवून जाईल, अशी मनोहररावांनी तयारी केली होती. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण तो पुढे येऊन अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, एक करा. मायले नका सांगू. तिच्या तोंडून निघालं, हे तिले कधी समजू नका देऊ. ते बुढी जेवणार नाई."

पुढच्या रविवारी मनोहरराव तांडापेठेत गेले. जायला पाय होत नव्हता, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. जागेश्वर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. गिरणीनं त्याला आदल्या दिवशीच मोकळं केलं होतं. त्यानं हात न थांबवता "या गुरुजी" म्हटलं. धोटा इकडून तिकडे जात होता.

रुख्माबाईंनी चहा दिला, समोर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

"तुमी लय केलं जी त्याच्यासाठी. तुमचे उपकार फिटाचे नाई. साहेबाचेच डोये फुटले होते, आमी काय करावं?"

मनोहररावांनी कप बशीत ठेवला.

"पण एक सांगा, गुरुजी. तुमी तं तिथीच होते. माह्या पोट्ट्याचं कमी कुठी पडलं? काही तं झालंच असन ना?"

बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मागाची खटखट थांबली. जागेश्वरनं मागावरून मान वर केली.

"माहाच हात चुकला, माय," तो म्हणाला. "सोपा बॉल होता, माह्या हातून सुटला. गुरुजी काय करन त्याले?"

"असं का?" रुख्माबाईंनी निःश्वास सोडला. "होते गा बाबू, होते कधी कधी."

जागेश्वरनं पुन्हा धोटा फेकला. त्या दिवशीच्या सबंध खेळात त्याचा हात एकदाही चुकला नव्हता, हे त्या घरात दोघांना ठाऊक होतं. मनोहररावांनी मान खाली घालून चहा संपवला आणि कप स्वतःच विसळून ठेवला.