दहा चुकांची मुभा

दहाव्यांदा आकडे दाबले आणि फोन काळा पडला. म्हटलं, मेला एकदाचा. बऱ्याच वेळानं पुन्हा उजेड आला, तर पांढऱ्या पडद्यावर अक्षरं उमटली होती, ‘नमस्ते’. दोन वर्षं ह्या घरात नांदलेला फोन मला पाहुण्यासारखा नमस्ते करत होता.

सून केस पुसत न्हाणीतून बाहेर आली.

“देविका, बघ गं ह्याला काय झालं.”

तिनं फोन हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला. “आई, हा तर पूर्ण कोरा झालाय. तुम्ही काय केलंत?”

“मी काय करणार? नंबर दाबला. उघडेना म्हणून परत दाबला.”

“किती वेळा?”

“मोजायला मी काय दूधवाली आहे?”

फोन माझ्या मुलाचा, सुजयचा. मी स्वतःचा फोन ठेवत नाही. ज्याला माझ्याशी बोलायचंय त्यानं मला शोधावं, असा माझा खाक्या. पण त्या फोनचा एक कोपरा माझा होता. त्यात माझी धाकटी बहीण गीता होती.

गीता तासगावला असते. आमचे मालक फौजेत सुभेदार होते, लखनौच्या छावणीतून निवृत्त झाले आणि इथंच वृंदावन योजनेत घर घेतलं. ते गेले, मी राहिले. दर रविवारी चारला गीता तिच्या साध्या बटणांच्या फोनवरून सुजयच्या फोनवर लावायची. द्राक्षाच्या बागेला पाणी कधी आलं, शेजारणीच्या सुनेनं काय दिवे लावले, गुडघा कुठल्या तेलानं थांबला. हा फोन सगळं बोलणं आपोआप साठवतो, हे मला नात अंतरानं दाखवलं. “दादी, देखो, गीता आजी की सारी बातें इसमें हैं।” तेवीस होती.

मग गीताच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता तिच्या मुलानं तिला मोठा फोन दिलाय, त्यावर ती लिहिते. मराठीच लिहिते, पण इंग्रजी अक्षरांत. मी तिसरीपर्यंतची बाई. देवनागरी असतं तर बोट ठेवून लावलं असतं, पण ह्याचं काय करू? सुजय वाचून दाखवतो. विजेचं बिल वाचावं तसं वाचतो. म्हणून तो अंघोळीला गेला, बाजारात गेला, की मी फोन उघडून तेवीसांपैकी एक ऐकायची. चार आकड्यांचा नंबर मला पाठ होता.

त्या शुक्रवारी सुजयच्या कंपनीनं नंबर बदलायला लावला. चार नको, सहा हवेत. रविवारी सुजय निशातगंजच्या बाजारात गेला, फोन चार्जिंगला ठेवून. मी अंतराची जन्मतारीख घालून पाहिली. स्कूटरचा नंबर, पिनकोड, सुजयचं लग्न. दर वेळी लाल इंग्रजी अक्षरं येत होती. ती काय म्हणतात ते मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर फिकीरही नव्हती. मालकांच्या पेन्शनचे कागद मी सात खेटे घालून आणलेत. खिडकीपलीकडचा सहा वेळा नाही म्हणतो, सातव्यांदा कंटाळून शिक्का मारतो. मला वाटलं, हाही मारेल.

सुजय पिशव्या घेऊन आला. फोन बघून मटकन खुर्चीत बसला.

“आई, दस बार गलत डाला तो सब उड़ जाता है. कंपनीचा नियम आहे. चोरानं कंपनीचे मेल वाचू नयेत म्हणून.”

“मेल कंपनीचे. फोन कुणाचा?”

“माझा.”

“पैसे कुणी भरले?”

“मीच. आई, सगळ्यांनी आपापल्या फोनवर मेल घेतलेत. नाही घेतले तर डिस्पॅचचं काम कसं करणार?”

“आणि हे उडायचं कुठं लिहिलं होतं?”

“पॉलिसीत.”

“तू वाचली होतीस?”

तो पिशवीतले बटाटे टोपलीत ओतायला लागला. “अकरा पानं होती, यार आई. सही करून टाकली.”

मी रेशनच्या कागदावर सही करतानासुद्धा विचारते, कशावर घेताय. आणि हा बी.कॉम.

“गीताची दुसरी कॉपी असेल ना कुठं?”

“नाही. फोनमधलं बाहेर काही साठवायचं नाही, तेही कंपनीनंच बंद केलं होतं.”

सोमवारी मी त्याच्या स्कूटरवर मागे बसले आणि चिनहटला त्याच्या कंपनीच्या कारखान्यावर गेले. तो सबंध रस्ताभर “आई, नको” म्हणत होता. फाटकावरच्या गार्डनं सुजयच्या फोनच्या कॅमेऱ्यावर लाल चिकटपट्टी लावली. आत फोटो काढू नयेत म्हणून. त्या फोनमध्ये आता होतं काय झाकायला!

कॉम्प्युटर खात्याचा सत्यजित नावाचा साहेब बाहेर गार्डच्या खोलीत आला. गळ्यात ओळखपत्र, वय अंतरापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी जास्त.

“माताजी, ये सिक्योरिटी के लिए है। फ़ोन चोर के हाथ लग जाए तो?”

“भैया, चोर होता तो फ़ोन ले जाता। आपने फ़ोन छोड़ दिया, अंदर का माल ले गए।”

गार्ड हसला आणि लगेच खोकला.

“कंपनी का डेटा था, माताजी।”

“तो अपनी चिट्ठियाँ जलाते। मेरी बहन किससे पूछकर जलाई?”

“सिस्टम को कैसे पता चलेगा कि बहन कौन-सी है?”

तो उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. वृंदावन योजनेत माझ्या जिभेला सब्जीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे टरकून असतात. ह्यानं मला पाण्याची बाटली दिली, पंखा माझ्याकडे वळवला. चावायचं कुणाला?

“और मेल?” मी विचारलं. “वो भी गए?”

“नहीं नहीं, मेल सारे सुरक्षित हैं। सर्वर पर रहते हैं।” पाच मिनिटांत त्यानं सुजयच्या फोनवर ते चढवूनही दिले. टिंग टिंग करत दोनशेच्या वर मेल येऊन बसले. कंपनीचं एक अक्षर हललं नव्हतं.

“सॉरी सर,” सुजय त्याला म्हणाला. “मदर हैं, थोड़ा...”

थोडा काय, ते त्यानं सांगितलं नाही. ई-रिक्षात बसून एकटी परत आले. मला स्टँडवर सोडताना तो एवढंच म्हणाला, “नोकरी आहे, आई.”

आठवडाभर मी कंपनीला शिव्या घातल्या. देविका ऐकून घेत होती. आकडे कुणी दाबले, हे ती एकदाही म्हणाली नाही, आणि ते मला जास्त लागत होतं.

रविवारी चारला गीताचा व्हिडिओ लागला. सुजयनं फोन डब्याला टेकवून उभा केला आणि तो बाहेर गेला. गीताच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. कंपनी, पॉलिसी, सत्यजित, सगळं मी तिला सांगायला घेतलं आणि मध्येच थांबले.

“गीते, मीच पुसलं गं. लाल अक्षरं येत होती. तरी दाबत राहिले.”

तिनं कपाळावर हात मारला. मग बोट उगारलं आणि सुरू झाली. ओठ भराभर हलत होते, मान उडत होती, मध्ये बांगड्या मागे सारून दुसरा हातही कामाला लागला. लहानपणापासूनचं सगळं काढलं असणार. माझ्यावर बोट उगारणारं माणूस जगात आता ते एकच उरलंय.

देविका स्वयंपाकघरातून डोकावली. फोनची पाठ तिच्याकडे होती, कुणाचा फोन ते तिला दिसत नव्हतं. “आई, आवाज येत नाहीये का? वाढवून देऊ?”

“नको,” मी म्हटलं. “तू जा. ती बोलतेय.”