टिप कुणाच्या हातात

त्या सलूनमध्ये तिला सगळे वहिनी म्हणत. सुरुवात नणंदेनं केली. तीही तिथेच कामाला होती, गिऱ्हाइकांची डोकी धुवायला. "वहिनी, पाणी तापलं," "वहिनी, टॉवेल संपले," अशा तिच्या हाका दिवसभर ऐकून बाकीच्यांच्या तोंडी तेच बसलं आणि हळूहळू गिऱ्हाइकंही वहिनी म्हणू लागली. नणंदेला छोटी म्हणत. ती वहिनीपेक्षा वीतभर उंच होती, पण घरातलं शेंडेफळ, त्याला काय करणार!

वहिनीचा हात चांगला होता. कुरळे केस असले तर ती कात्री उचलायच्या आधी ते नुसते बोटांत घेऊन बघायची, कुठे उसळतात, कुठे गप्प बसतात. गिऱ्हाईक उठताना आरशात पुन्हा पुन्हा वळून बघायचं आणि जाताना तिच्या हातात काहीतरी ठेवायचं. छोटीला मात्र कुणी काही देत नसे. मान मागे टाकून, डोळे मिटून पडलेल्या माणसाला डोकं धुणारीचा चेहरा दिसतच नाही. रंगाच्या आणि शाम्पूच्या पाण्यानं छोटीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. म्हणून घरी जाताना वहिनी आपल्या टिपमधला वाटा तिच्या पर्समध्ये सरकवायची.

"नको गं वहिनी, ती तुझी आहे."

"घे मुकाट्यानं. तू नीट धुतलं नसतंस तर माझीच हजामत झाली असती."

मालक वाईट माणूस नव्हता, असं तो स्वतःच सांगायचा. एके दिवशी त्यानं काउंटरवर काचेची पेटी आणून ठेवली. "आजपासून टिप हातात घ्यायची नाही. सगळी पेटीत. महिनाअखेर मीच कामाप्रमाणे वाटीन."

वहिनीला ते आधी बरंच वाटलं. छोटीलाही हक्काचं काही मिळेल, असा तिचा हिशेब. महिना संपला. पेटी रिकामी झाली आणि बाहेर गिऱ्हाइकांच्या बसायच्या जागी पांढराशुभ्र नवा सोफा आला.

"सगळ्यांसाठीच आहे ना," मालक म्हणाला. "गिऱ्हाईक खूश तर तुम्ही खूश."

त्या सोफ्यावर कामगारांनी बसायचं नाही, हेही त्यानं त्याच दमात सांगितलं.

घरी वहिनी तणतणत होती. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोघी एका जागी कामाला आहात. पाण्यात राहून माशाशी वैर करू नका." नवरा मालवाहू गाडी चालवायचा. तो नुकताच दमून आला होता. "आई बरोबर बोलतेय," एवढं म्हणून तो आंघोळीला गेला. वहिनी कणीक मळायला लागली, पण त्या दिवसापासून पेटीत नोट पडताना दिसली की तिची कात्री क्षणभर थांबायची.

मग एक टपालवाली आली. अंगावर गणवेश, पाठीवर कमरेच्या खाली जाणारी वेणी. उन्हातान्हात जिने चढउतार करताना मान भिजते, म्हणून वेणी कापून टाकायची होती. सलूनमध्ये ती आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. छोटीनं तिचं डोकं धुतलं तेव्हा तिचा तिथेच डोळा लागला. वहिनीच्या खुर्चीत बसल्यावर तिनं आरशातून हळूच विचारलं, "एक विचारू? इथे टिप किती द्यायची असते हो? मला काही कळत नाही. उगाच कमी दिली तर वाईट दिसायचं."

असं कुणी विचारलं की 'तुमची खुशी' म्हणायची पद्धत होती. वहिनीही इतकी वर्षं तेच म्हणत आली होती. पण त्या दिवशी तिच्या तोंडून ते निघेना.

"बहुतेक जणी बिलाचा दहावा हिस्सा देतात," ती म्हणाली. "काम जास्त आवडलं तर जास्त. नाहीच आवडलं तर देऊ नका. डोकं धुतलं तिलाही द्या, तिला सगळे विसरतात. आणि द्याल ते हातात द्या. पेटीत टाकलेलं आमच्यापर्यंत येत नाही."

ती हे काही कुजबुजत बोलली नाही. शेजारच्या खुर्च्यांवरचे ड्रायर एकेक करून बंद झाले. मालक काउंटरवरून उठून आला.

"वहिनी, तुम्ही गिऱ्हाइकाकडे पैसे मागताय?"

"त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

"टिप म्हणजे गिऱ्हाइकाची दया. दयेवर कुणी हक्क सांगतं का?"

"दया असेल तर ती आमच्यावर केलीय ना? मग तुमचा सोफा कसा आला?"

मागच्या खुर्चीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मालकाचे कान लाल झाले. "कात्री खाली ठेवा आणि चालत्या व्हा."

घरभाडं, सासूबाईंची औषधं, सगळं वहिनीच्या डोळ्यांपुढून गेलं. पण तिनं पुढची बट कंगव्यावर घेतली. "होते की. हे डोकं पुरं झालं की होते."

"आत्ताच्या आत्ता!"

"अहो, माझे एका बाजूचे केस कानापाशी आहेत आणि दुसऱ्या बाजूचे कमरेपाशी!" टपालवाली म्हणाली. "मी अशी पत्रं वाटत फिरू का? यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही."

मालक तिथेच उभा राहिला. वहिनीनं मुळीच घाई केली नाही. उलट मानेवरची रेघ अशी साधली, की टपालवाली उठली तेव्हा तिनं स्वतःच्याच मानेवरून चार वेळा हात फिरवला. तिनं काउंटरवर बिल चुकतं केलं, पेटीला वळसा घालून ती बेसिनपाशी गेली आणि छोटीच्या ओल्या हातात नोट ठेवली. मग परत येऊन दुसरी नोट वहिनीच्या हातात ठेवली.

"छोटी," मालक म्हणाला, "ती नोट पेटीत टाक."

छोटी कधी कुणाला उलट बोललेली नव्हती. तिनं मूठ मिटली. "नाही टाकत."

"मग तूही जा."

"जातेच." तिनं अंगातला भिजलेला एप्रन काढला, पांढऱ्या सोफ्यावर व्यवस्थित पसरून ठेवला आणि ती बाहेर पडली. वहिनी आपल्या कात्र्या गुंडाळून तिच्या मागोमाग निघाली. रस्त्यावर आल्यावर दोघींना हसू फुटलं, आणि मग छोटी रडायला लागली.

घरी सासूबाईंनी दोघींना फैलावर घेतलं. पार स्वयंपाकघर झाडून होईपर्यंत त्या बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "दया म्हणाला? कामाला?" आणि मग त्यांचा रोख मालकाकडे वळला, तो जेवणं झाली तरी संपेना.

पुढचे दिवस सोपे नव्हते. दोघी घरोघर जाऊन केस कापू लागल्या. फोन करते म्हणालेल्या कितीतरी जणींनी फोन केलाच नाही. पण तिकडे सलूनमध्येही कुरबुर वाढली होती. वहिनी कुठे गेली, असं गिऱ्हाइकं विचारायची आणि राहिलेल्या मुली खरं तेच सांगायच्या. मग मालकाचा निरोप आला, पेटी काढली आहे, दोघींनी परत यावं.

छोटी गेली. मात्र आधी पगार वाढवून घेतला, रबरी हातमोजे मागून घेतले आणि केस कापायला शिकवायचं कबूल करून घेतलं.

वहिनी गेली नाही. एका म्हाताऱ्या न्हाव्याच्या दुकानात तिनं खिडकीजवळची खुर्ची भाड्यानं घेतली. तिथे कधी रांग लागायची, कधी दिवसभर खुर्ची रिकामी.

अशाच एका रिकाम्या दिवशी नवरा गाडी बाहेर लावून आत आला. "अजून जागा आहे म्हणे तिथे," तो म्हणाला. "पगार तरी ठरलेला असतो. माफी नको मागूस, नुसती जा."

"पेटी त्यानं काढली," वहिनी म्हणाली, "पण 'दया' हा शब्द त्यानं परत घेतलेला नाही. मी नाही जाणार."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर बसून राहीन. माझ्या खुर्चीत."

त्यानं टोपी काढली आणि तो खुर्चीत बसला. "बरं. मग माझेच काप."

"बिल लागेल," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं.