माळावरची बाळंतीण

मी एक जुना कॅमेरा आहे. अंगावरचं रबर सुटत आलंय, पट्ट्याला घामाचा वास येतो आणि भिंगात बुरशी धरलीय. मित्रांनो, माझी ही दशा ऐकून लगेच हळहळू नका. आधी सगळं ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही. कळायला लागलं ते इंदापुरात, विजयसिंह फोटोवाल्याच्या गळ्यात. सात वर्षं मी लग्नं टिपली. हळदीने माखलेले नवरदेव पाहिले, मानपानावरून रुसलेले व्याही पाहिले. मी समोर आलो की भलेभले पोट आत घ्यायचे आणि रुसलेलेही हसायचे. तेव्हापासून गर्व माझ्या डोक्यात गेला तो गेलाच. पुढे विजयसिंहाने नवा कॅमेरा घेतला आणि माझी रवानगी कपाटाच्या खालच्या खणात झाली.

तिथून मला सोनलने उचललं. कन्हेरीच्या महिपती तात्यांची ही मुलगी. घरी दोडका आणि पेरूची बाग, आणि ती बारामतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिची एक खोड होती. मला डोळ्याला लावण्याआधी ती मूठ वळायची आणि मुठीच्या भोकातून समोर बघायची. मला त्याचा फार राग यायचा. गळ्यात एवढं भिंग लटकत असताना मूठ कशाला लागते?

ती खोड तिच्या लहानपणातून आली होती. सोनलचं आजोळ इंदापूरच्या बाजूला, माळाच्या कडेला. तिची आई द्वारकाबाई, आणि आईचा चुलतभाऊ गेणबा मामा. मामा मेंढरं राखायचा. दिवाळीच्या सुट्टीत सोनल त्याच्या मागे मागे दिवसभर माळ तुडवायची. "मूठ कर आन् भोकातनं बघ," मामा सांगायचा. "समदं येकदम बघाया गेलीस तर कायच दिसायचं न्हाय." त्या भोकातून तिने खुराच्या खळग्यातलं चंडोलाचं घरटं पाहिलं होतं, मेंढीच्या लोकरीत अडकलेलं कुसळ पाहिलं होतं, गवताच्या वर उभे राहिलेले चिंकाऱ्याचे दोनच कान पाहिले होते. माझ्याकडून तिने काढून घेतलेले सगळे चांगले फोटो त्याच माळावरचे. नवं काही शोधायला ती जात नसे. नऊ वर्षांची असताना पाहिलेलं पुन्हा सापडतं का, ते बघायला जायची. आणि ते सापडलं की तिचा श्वास थांबायचा. माझ्या पाठीवर तो मला कळायचा. लग्नांच्या सात वर्षांत मला तो अनुभव एकदाही आला नव्हता.

त्या माळाचा एक नियम होता. दिवाळी सरली की गेणबा मामा मेंढरांचा वाडा उचलून पार दुसऱ्या अंगाला नेऊन बसवायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "तिकडं बाळंतीण हाय. तितं जायाचं न्हाय." बाळंतीण म्हणजे लांडगीण. वर्षाला दोन-चार कोकरं ती न्यायची. मामा शिव्या घालायचा, पण बिळाची जागा त्याने कधी कुणाला सांगितली नाही. त्याच्या मुलालाही नाही. हा मुलगा अविराज भवानीनगरला नोकरीला होता आणि माळावर आला तर मोटारसायकलवरून.

सोनलने दोन वर्षं मामाची मनधरणी केली. शेवटी तो म्हणाला, "म्हसोबाची आन घे. पिल्लं पळती हुईस्तवर फोटू कुनाला दावायचा न्हाय." तिने शेंदराच्या दगडावर हात ठेवून आण घेतली. मी तिच्या गळ्यात होतो. मी साक्षीदार आहे.

तीन सकाळी आम्ही गवतात पालथे पडून राहिलो आणि हात हलवत परत आलो. चौथ्या सकाळी पाच पिल्लं बाहेर आली. बिळाच्या पुढ्यातच म्हसोबा होता, आणि म्हसोबाला टेकून जात्याची फुटकी तळी. मेंढपाळ तिच्यावर भाकरीचा नैवेद्य ठेवतात. एका पिल्लाने तळीवर पुढचे दोन पाय टेकले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. सोनलने बटण दाबलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला फोटो होता.

दहा दिवसांनी बारामतीत छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. पिल्लं पळती व्हायला अजून दोन महिने होते. सोनल दोन दिवस जेवली नाही. घडीघडीला मला सुरू करायची, माझ्या पाठीवरच्या पडद्यावर तो फोटो बघायची आणि बंद करायची. मला विचाराल तर माझा जीव उतावीळ झाला होता. सात वर्षं लोकांचे वरमाय-वरबाप टिपले, आता माझाही सत्कार होऊ दे, असं मला वाटत होतं. शेवटी तिने मन घट्ट केलं. फोटोखाली गावाचं नाव घालायचं नाही, कुणी विचारलं तर सांगायचं नाही, असं ठरवलं. म्हसोबा कापून टाकायचाही विचार तिने केला. पण तो दगड काढला की उरत होतं ते नुसतं एक जनावर. त्या दगडाजवळ बसून तिने लहानपणी बोरं खाल्ली होती. तिने दगड राहू दिला.

हीच चूक झाली, मित्रांनो. आमच्या भागात रान ओळखायला पाटी लागते ती परगावच्या माणसाला. गावचा माणूस म्हसोबावरून ओळखतो. आणि फुटक्या जात्याचा म्हसोबा पाच गावांत एकच.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या पडल्या, मी फुगलो. कुणीतरी मोबाइलवर त्या फोटोचा फोटो घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो भवानीनगरला अविराजच्या हातात पोचला. त्याने बघताक्षणी माळ ओळखला.

रविवारी सकाळी तो दोन दोस्तांना घेऊन गेला. त्यांना काही वाईट करायचं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांना सोनलसारखा फोटो हवा होता. पिल्लं बाहेर येईनात. उसात घुशी काढायला बिळात मिरचीचा धूर देतात, हे यांना ठाऊक होतं. त्यांनी तो दिला आणि मोबाइल धरून उभे राहिले. घुशी बाहेर पळतात. पिल्लं आणखी आत सरकली.

दुपारी मामाचा फोन आला, तेव्हा सोनल माझं भिंग पुसत होती. आम्ही पोचलो तोवर मामाने बीळ खणून काढलं होतं. घोंगडीवर चार पिल्लं ओळीने ठेवली होती, धुराने गुदमरून मेलेली. दोस्त केव्हाच निघून गेले होते. अविराज बाजूला खाली मान घालून बसला होता.

"आबा, आमाला वाटलं भाईर येतील," तो म्हणाला.

"बाळंतिनीला ओव्याची धुरी देत्यात," मामा म्हणाला. "तू मिरचीची दिलीस."

मग तो सोनलकडे वळला. ती त्याच्या शिव्यांची वाट बघत होती. त्याने शिव्या दिल्या नाहीत. "तुझा फोटू लई चांगला हाय म्हनत्यात," तो म्हणाला. "समद्यांनी बघितला. मला तेवढा न्हाय दावलास."

तिने मला सुरू केलं आणि तो फोटो त्याच्यापुढे धरला. मामाने डोळे बारीक करून पाहिलं आणि बोटाने एकेक पिल्लू मोजलं.

"पाच हैत की ही."

त्याने पुन्हा बिळात हात घातला, खांद्यापर्यंत. आत काही नव्हतं. मग त्याला उमगलं. सकाळी गाडीचा आवाज ऐकूनच लांडगिणीने एक पिल्लू तोंडात धरून हलवलं असणार. राहिलेल्यांना न्यायला ती परत येणार.

"घोंगडी हितंच ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाला. "तिची हैत. ती बघंल."

ती तिघं लांब बांधाआड बसली. ऊन कलंडलं. माळावर गवताला पिवळा उजेड आला, जो मिळावा म्हणून सोनल महिनाभर थांबायची. मी तयार होतो. लाज वाटते, पण खरं सांगतो, तेव्हासुद्धा मी तयार होतो.

"आली," मामा कुजबुजला.

सोनलने माझ्या भिंगावर झाकण बसवलं आणि मला मातीत ठेवलं. मग ती मूठ वळून भोकातून बघू लागली. मला फक्त ऐकू आलं. पंजे आले, थांबले. हुंगल्याचा आवाज, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग पंजे हळूहळू लांब गेले. मग अविराजचं रडणं, तोंडावर हात दाबून.

त्याला आता दोन वर्षं झाली. सोनल शाळेत जाते, मुलांना चित्रकला शिकवते, मूठ करून बघायलाही शिकवते. मी लोखंडी कपाटात असतो. ज्या फोटोने मला बक्षीस मिळालं, तो अजून माझ्या पोटात आहे. त्यात पाचही पिल्लं जिवंत आहेत.

मित्रांनो, मला पुसा, कोरड्या जागी ठेवा, असं मी माझ्यासाठी काही मागत नाही. एवढंच मागतो की, तुमच्या हातात मोबाइल आहे, माझ्याहून हुशार. एखाद्या दारापाशी कुणी म्हणालं, आत बाळंतीण आहे, तर तो खाली ठेवा आणि मागे फिरा. मामाने नऊ वर्षांच्या पोरीला हे सांगितलं होतं आणि तिला ते कळलं होतं. पुढे मी तिच्या गळ्यात आलो.