कितेरियाची बारूद

तिबुर्सियोच्या थोरल्या लेकीला, जोसेनिल्दाला, लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली, ते २००६ साल. बातमी आली तशी तिबुर्सियोने भिंतीवरची ठासणीची बंदूक खांद्यावर टाकली, त्याची बायको कितेरिया हिने बारुदीचं शिंग त्याच्या कमरेला बांधलं, आणि म्हातारा इस्पितळाच्या वाटेला लागला. ब्राझीलमधल्या पेर्नांबुकोच्या त्या सुक्या मुलखात नातवंड झालं की आजोबाने बार उडवायचा. गोळी नाही, छर्रा नाही, नुसता आवाज आणि धूर. जूनमधल्या संत जोआंवच्या सणाला तर गावचं सगळं बंदूकवाल्यांचं पथकच बार उडवतं, पण तेव्हा पथकाकडे लष्कराचा परवाना असतो. एकट्या म्हाताऱ्याकडे कसला परवाना? पुलावर पोलिसांनी अडवलं. बंदूक गेली, शिंग गेलं आणि विनापरवाना हत्यार बाळगल्याचा खटला उभा राहिला. शिक्षा दोन वर्षांपासून पुढे.

सरकारने दिलेली वकील वाल्देनिसे मात्र खुशीत होती.

"काका, तज्ज्ञाचा अहवाल आलाय. तुमची बंदूक उडतच नाही. जी उडत नाही ती कायद्याने हत्यारच नव्हे. तुम्ही फक्त गप्प बसायचं."

"उडत नाही? माझी बंदूक?"

"गप्प बस म्हणतेय ना ती!" कितेरियाने चिमटा काढला. "तुरुंगात जाऊन ऐट मारणारेस का, म्हाताऱ्या?"

खटल्याच्या दिवशी अर्धं गाव कोर्टात हजर. पुढच्याच बाकावर अनाक्लेतो. पथकात तो तिबुर्सियोच्या शेजारी उभा राहायचा, आणि कुणाचा बार मोठा यावरून दोघांची उभी हयात भांडणात गेलेली.

न्यायाधीशबाईंनी अहवाल वाचला. "बंदूक जुनाट, गंजलेली. सोबतची बारूद चुलीतल्या कोळशाच्या भुकटीहून बरी नाही. बार उडत नाही."

अनाक्लेतो फिसकन हसला. तिबुर्सियोने ओठ चावला. उभी राहिली ती कितेरिया.

"कोळशाची भुकटी? बाईसाहेब, माझ्या आईने शिकवलेली बारूद आहे ती! मी स्वतः कुटते, चाळते, उन्हात वाळवते. तुमच्या तज्ज्ञालाच ठासता आली नसेल!"

वाल्देनिसेने कपाळाला हात लावला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"बाई, तुम्ही घरी बारूद बनवता? परवान्याशिवाय स्फोटकं बनवली तर तीन वर्षांपासून पुढे शिक्षा आहे."

कितेरिया पुन्हा तोंड उघडणार, एवढ्यात तिबुर्सियो उठला. स्वतः आत जायला तो एक वेळ तयार होता, पण ही?

"बाईसाहेब, तिचं मनावर घेऊ नका. बढाया मारायची सवयच आहे तिला. शिंगात भरते तो चुलीतला कोळसाच. त्याचा बार कधी उडालाच नाही."

"मग सणाला काय उडवता?"

तिबुर्सियोने अनाक्लेतोकडे पाहिलं.

"काही नाही. हा अनाक्लेतो शेजारी असतो ना, त्याचा बार उडाला की मी उडी मारतो नि गिरकी घेतो. लोकांना वाटतं, माझाच."

कोर्टात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. न्यायाधीशबाईंनी अनाक्लेतोला उभं केलं. त्याने तिबुर्सियोकडे पाहिलं. मग त्याने टोपी छातीशी धरली.

"खरं आहे, बाईसाहेब. आवाज माझाच."

तिबुर्सियो निर्दोष सुटला. कितेरियाला समज देऊन सोडलं. बंदूक मोडीत काढायला लष्कराकडे गेली.

परतीच्या बसमध्ये कितेरिया खिडकीबाहेर बघत होती. पूल आला तेव्हा ती बोलली.

"चुलीतला कोळसा?"

"मग काय, तुला आत पाठवू?"

"माझ्या बारुदीच्या बाराने गाढवं दोर तोडून पळायची."

"मला ठाऊक आहे गं."

"तुला ठाऊक असून काय उपयोग? गावाला आता काय ठाऊक?"



पुढच्या सणापासून पोरं त्याला पाहिलं की उडी मारून गिरकी घ्यायची. तोही हसून एक गिरकी घ्यायचा. कितेरिया खिडकी लावून घ्यायची.

अनाक्लेतो २००९च्या मे महिन्यात वारला. आवाज आपलाच होता, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. तिबुर्सियो २०११च्या ऑगस्टात छातीत कफ होऊन गेला. बार खरा कुणाचा, ते आता एकट्या कितेरियालाच ठाऊक.