कबऱ्याचं सोनं

मी कबरा बोलतोय. बोका नव्हे, कोंबडाही नव्हे. त्यांना ज्या नावाने हिणवतात, तो शब्द.

माझं घराणं जुनं. संस्कृतात 'कर्बुर' म्हणून आम्ही मिरवत होतो. अर्थ सरळ: ज्याच्या अंगावर अनेक रंग नांदतात तो. पुढे तोंडातोंडांत झिजत झिजत मी गोठ्यात आणि खुराड्यात येऊन पडलो. माणसांची तऱ्हाच न्यारी. मोराला रंगीबेरंगी म्हणतील आणि कोंबडीला कबरी!

एका रंगाऱ्याच्या घरात तर मी शिवीच होतो. सुताच्या लडीवर ठिपका राहिला, की म्हातारा "कबरा माल" म्हणून ती कोपऱ्यात भिरकावी. त्याच्या सुनेला रंगकामाचं भारी वेड. पुष्कळ मिनतवाऱ्यांनंतर त्याने तिला हिरव्या लडींचं काम दिलं. आधी पिवळ्या रंगात बुडवायचं, मग निळ्या. लडी सैल बांधायच्या असतात. सूत गुंतेल या धास्तीने तिने त्या जागोजाग करकचून बांधल्या. निळ्यात घालण्याआधी सोडून पुन्हा दुसरीकडे आवळल्या. गाठींखाली रंग शिरलाच नाही. वाळल्यावर पाहतात तो कुठे हिरवं, कुठे पिवळं, कुठे निळं, मधूनच पांढरं.

"सगळं कबरं करून ठेवलंस," म्हातारा म्हणाला. "उद्यापासून रंगाच्या पिंपाला हात लावायचा नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई खमकी. पोटभर रडली, डोळे पुसले आणि तेच सूत मागावर चढवलं. रंगांत रंग मिसळत अशी चादर उतरली, की हिरवा माल न्यायला आलेला दुकानदार हिरवं विसरला. हा कुठला प्रकार, त्याने विचारलं. म्हातारा चाचरला.

"कबरा," सून म्हणाली. "आमच्याकडेच होतो."

विणाल तेवढ्या चादरी घेतो, असं सांगून दुकानदार गेला. मग कोऱ्या लडींचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवून म्हातारा म्हणाला, "सूनबाई, गाठी कशा मारल्यास ते मलाही दाखव."

आज दुकानाच्या काचेवर माझं नाव ठसठशीत अक्षरांत झळकतं. आनंदाने ऊर भरून येतो माझा. तेव्हा बाबांनो, मला उच्चाराल तेव्हा नाक मुरडू नका, जरा ठसक्यात म्हणा.

परवा म्हाताऱ्याच्या हातून गाठी सैल बसल्या आणि एक लड नखशिखांत हिरवीगार निघाली. "बिघडली," असं पुटपुटत त्याने ती स्वतःच कोपऱ्यात टाकली.