किसाकूची रिकामी जागा

पहिला घास तोंडात गेला आणि किसाकू चावायचा थांबला. जपानमधल्या कागाच्या किनाऱ्यावर एकाहत्तर हिवाळे काढलेल्या माणसाला रानबदकाची चव कुणी शिकवायला नको. बंदुकीने मारलेल्या बदकाच्या मांसात रक्त साकळतं, ते उग्र लागतं. हे जाळ्यातलं होतं. आणि उडत्या बदकावर जाळं फेकणारी माणसं साऱ्या पंचक्रोशीत फक्त त्याच्या शिकारी मंडळातली चौदा.

"कुठून आणलंत हो हे?" त्याने खाणावळीच्या मालकिणीला, सुमिएला विचारलं.

"इश्श, मलाच विचारता? तुमच्याच टेकडीवरचं की! तोमेजीसान काल देऊन गेले. म्हणाले, यंदा फार कमी आहेत, जपून वाढा."

किसाकूने वाडगा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही.

तीन वर्षांपूर्वी टेकडीखालच्या तळ्यावर उतरणारी बदकं हजारोंवरून चारशेवर आली, तेव्हा मंडळाचा प्रमुख म्हणून त्यानेच सगळ्यांपुढे हात जोडले होते. पाच हिवाळे जाळी खुंटीला टांगू या. बदकंच उरली नाहीत तर जाळं काय ढगांवर फेकणार? चौदाही जणांनी साके पिऊन शब्द दिला, सगळ्यांत मोठ्या आवाजात तोमेजीने, त्याच्या लंगोटीयाराने. जिथून जाळी फेकायची त्या टेकडीवर संध्याकाळी पाऊलसुद्धा टाकायचं नाही असं ठरलं. आणि किसाकू असा भोळा सांब, की शब्द पाळायचा म्हणून तो कधी बघायलाही गेला नाही. रोज सकाळी तळ्याकाठी बसून तो बदकं मोजायचा. आकडा घसरतच गेला. त्याने हिवाळ्यात कोरड्या ठेवलेल्या भातखाचरांना दोष दिला, सैबेरियातल्या हवेला दिला, शेवटी स्वतःच्या डोळ्यांना दिला. मित्रांचा संशय त्याला एकदाही आला नाही.

त्याच संध्याकाळी, दिवस कलताना, तो टेकडी चढला. पाइनच्या झाडांखाली सगळे जमले होते. कुणी कुठे उभं राहायचं हे ठरवायला नावांच्या लाकडी पट्ट्या डब्यातून काढणं चाललं होतं. त्याला पाहून कुणी पळालं नाही, ते त्याला जास्त लागलं.

"आलास?" तोमेजी म्हणाला. "बरं झालं बाबा. लपवून लपवून जीव मेटाकुटीला आला होता."

"केसाने गळा कापलात रे माझा! तीन वर्षं!"

"मग काय करायचं होतं? तुझी बदकं येतील पाच वर्षांनी, पण तोवर आम्ही उरू का? फेकायचं कसं हे कुणाला आठवेल? आणि तुझा मान ठेवलाय हं आम्ही. हे बघ." त्याने एक पट्टी पुढे केली. तिच्यावर किसाकूचं नाव होतं. "सभासदाला वगळायचं नाही हा नियम. रोज तुझीही पट्टी काढतो. तुला येईल ती जागा रिकामी ठेवतो. आज खिंडीची आलीय, बदकं सगळ्यांत खालून जातात ती. नशीबवान आहेस लेका!"

किसाकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढे नियम पाळणाऱ्यांना एक शब्द पाळता आला नव्हता! तोमेजीच्या हातातलं जाळं हिसकावून तो खिंडीकडे निघाला. ते दरीत भिरकावून द्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तो खिंडीच्या तोंडाशी पोचला आणि तळ्याकडून पंख वाजले. बदकं शेतांकडे चरायला निघाली होती, झाडांच्या शेंड्यांना घासत, थेट त्याच्या डोक्यावरून. सवयीने त्याचे गुडघे वाकले, दंड सुटले, काठीच्या दोन फाट्यांवर ताणलेलं जाळं उभं वर गेलं आणि धप्पकन खाली आलं.

आत एक मादी होती. पडताना तिची मान मुरगळली होती. सोडून द्यायचीही सोय उरली नव्हती.

"वा," मागून येत तोमेजी हळूच म्हणाला. "हात अजून तसाच आहे हं तुझा." त्यात टोमणा नव्हता. ते मनापासूनचं कौतुक होतं आणि किसाकूला ते सहन होईना. टेकडी चढताना त्याने शिव्यांची लाखोली तयार ठेवली होती. आता त्यातली एकही ओठांवर येईना, कारण प्रत्येक शिवी आधी त्यालाच लागली असती.

"जाळं घे तुझं," तो म्हणाला.

तोमेजीने जाळं घेतलं. बदक घ्यायला मात्र कुणी हात पुढे केला नाही. ज्याने धरलं त्याचंच ते, असाही एक नियम होता. किसाकू ते अजून गरम असलेलं बदक घेऊन एकटाच टेकडी उतरला.